तीन स्विच बदलले तरी ऑफिसचं नेट रोज बसतंय? चौथा घेण्याआधी हे तपासा

“स्विच गेलाय, येताना नवा घेऊनच या.”

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या अकाउंट्समधून ताईंचा फोन होता. आवाजात वैताग होता आणि तो रास्त होता. महिनाभरात त्यांच्याकडे तीन स्विच (ऑफिसातल्या नेटच्या सगळ्या वायरी जिथे एकत्र जोडतात त्या पेट्या) बदलून झाले होते. आधी १६ पोर्टचा, म्हणजे १६ वायरी लागतील असा, मग दुसऱ्या कंपनीचा १६ पोर्टचा, मग २४ पोर्टचा. प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस सुरळीत चालायचं आणि पुन्हा तेच. टॅली अडकायची, प्रिंट निघायची नाही, सर्व्हरवरचं ड्रॉइंग उघडायचं नाही. राउटर रिस्टार्ट मारूनही फरक नाही. पंधरा-वीस मिनिटांनी, कधी तासाभराने आपोआप सुरू. आणि नेमकं जीएसटीचं रिटर्न भरायच्या दिवसांत.

मी स्विच नेला नाही. ताईंना सांगितलं, चार दिवस एक वही जवळ ठेवा. नेट बसलं की वेळ लिहा, सुरू झालं की वेळ लिहा, आणि त्या वेळी ऑफिसात काय चाललं होतं तेही एका ओळीत लिहा. त्यांना ते फारसं पटलं नसावं, पण लिहिलं मात्र नेटकं. सोमवार ११.५०. मंगळवार १२.२०. बुधवारी एकदाही नाही. गुरुवारी सकाळी ११.४० आणि संध्याकाळी ४.१०.

“बुधवारी काय वेगळं होतं?”

“काही नाही. साहेब पुण्याला गेले होते, म्हणून मीटिंग नव्हती.”

मीटिंग रूमच्या भिंतीवर शेजारी शेजारी दोन आयओ बॉक्स (नेटची वायर लावायचे सॉकेट) होते. एकात दोन मीटरची निळी पॅच कॉर्ड कायम लावलेली, पाहुण्यांच्या लॅपटॉपसाठी. मीटिंग संपली की पाहुणे लॅपटॉपमधून ती काढणार आणि टोक खाली पडणार. मग सफाईच्या मावशी आत येणार. मी मावशींना विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, “फरशी पुसताना वायर ओली होते, म्हणून मी ती जागेवर लावून ठेवते.” जागेवर म्हणजे शेजारच्या मोकळ्या आयओमध्ये. तिथे ती बसते, ‘टक्’ असा आवाजही येतो, कुणालाही वाटेल की ही तिचीच जागा. मावशींनी काळजीनेच केलेलं काम होतं, आणि त्यातून कॉर्डचं एक टोक एका आयओत आणि दुसरं टोक दुसऱ्या आयओत गेलं. दोन्ही आयओंच्या वायरी आत एकाच स्विचला. लूप, म्हणजे वायरीचं बंद वर्तुळ, तयार.

पुढचा पाहुणा आला की तो लॅपटॉपला लावायला कॉर्ड काढणार आणि नेट ‘आपोआप’ सुरू होणार. नवा स्विच टाकल्यावर दोन-तीन दिवस बरं का चालायचं, तेही मग कळलं. स्विच बदलणारा माणूस घाईत मीटिंग रूमच्या दोन वायरी जोडायच्या सोडून द्यायचा, कारण तिथे कुणी बसत नाही. दोन दिवसांनी कुणीतरी ओरडायचं, “मीटिंग रूमला नेट नाही”, आणि त्या वायरी परत लागायच्या.

तीनही स्विच चांगले होते. चुकीचे होते, पण चांगले होते. ह्या दोन गोष्टींत मी फरक करतो आणि पुढचं सगळं त्या फरकाबद्दलच आहे.

लूपमध्ये नक्की काय होतं

इथरनेटच्या, म्हणजे ऑफिसातल्या वायरींवरच्या नेटवर्कच्या, फ्रेमला (डेटाच्या पुडक्याला) आयुष्याची मर्यादा नसते. आयपी पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो, प्रत्येक राउटरगणिक तो एकाने कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून दिलं जातं. फ्रेमवर असं काही नसतं. एखाद्या मशीनने “१९२.१६८.१.१ हा पत्ता कुणाकडे आहे?” अशी हाक दिली की स्विच ती हाक आली त्या पोर्टखेरीज बाकी सगळ्या पोर्टांवर पाठवतो. लूप असेल तर तीच हाक एका आयओतून बाहेर पडून दुसऱ्यातून परत स्विचमध्ये येते, आणि स्विच ती नव्याने सगळ्यांना पाठवतो. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जाणारी माणसं एक फेरी करून घरी परततात. ही हाक परततच नाही. वर दर फेरीला बाकीच्या सगळ्या पोर्टांवर तिची एकेक प्रत जाते, आणि तोवर दुसऱ्या मशीनच्या हाका येऊन मिळालेल्या असतात. काही सेकंदांत सगळ्या वायरी त्यानेच भरून जातात.

हे ओळखायची खूण रॅकसमोर उभं राहिलं की दिसते. एरवी स्विचचे दिवे आपापल्या तालात लुकलुकतात, एक थांबतो तर दुसरा चालतो. लूप असला की सगळे एकाच लयीत, इतक्या वेगाने चमकतात की सलग पेटल्यासारखे वाटतात. अशा वेळी स्विच बंद-चालू करू नका. एका मशीनवर राउटरला सलग पिंग (उत्तर येतंय का ते पाहणारी हाक) लावून ठेवा आणि स्विचमधून एकेक वायर काढत चला. जी काढल्यावर दिवे शांत होतील आणि पिंगला उत्तरं यायला लागतील, तिच्या मागे जा. अंबडला ती १७ नंबरची वायर होती.

ह्यावर उपाय फार जुना आहे. रेडिया पर्लमन ह्या बाईंनी १९८५ मध्ये डेक (डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन) कंपनीत असताना स्पॅनिंग ट्री ही पद्धत बसवली. स्विच एकमेकांना ठरावीक काळाने निरोप पाठवतात, आपलाच निरोप दुसऱ्या वाटेने परत आला की लूप आहे हे ओळखतात आणि एक वाट बंद ठेवतात. साध्या अनमॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता न येणाऱ्या, स्विचमध्ये ही सोय बहुधा नसते. त्या कारखान्यात बदललेले तीनही स्विच अनमॅनेज्ड होते. तिथे ३० स्विच बदलले असते तरी मीटिंगनंतर नेट बसलंच असतं.

मी तिथे स्पॅनिंग ट्री आणि लूपबॅक डिटेक्शन असलेला २४ पोर्टचा स्मार्ट मॅनेज्ड स्विच बसवला. मीटिंग रूममधला दुसरा आयओ बंद झाकणाने झाकला आणि भिंतीवर टेबलाच्या उंचीला एक हूक ठोकला. मावशी आता कॉर्ड त्या हुकाला अडकवतात.

इथे एक अडचण येते ती आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मॅनेज्ड स्विच लावल्यावर आठवड्याभरात तुम्ही वैतागाल. जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री प्रत्येक पोर्टला सुरुवातीला ३० सेकंद थांबवतो, १५ ऐकायला आणि १५ शिकायला. तेवढ्यात कॉम्प्युटर चालू होतो, आयपी पत्ता मागतो, उत्तर मिळत नाही आणि स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. “नवा स्विच टाकल्यापासून सकाळी नेट लवकर येत नाही” ही तक्रार इथली असते. ज्या पोर्टांवर कॉम्प्युटर, प्रिंटर, फोन आहेत त्यांना सेटिंगमध्ये ‘एज पोर्ट’ करा (काही कंपन्या त्याला ‘पोर्टफास्ट’ म्हणतात) आणि पर्याय असेल तर रॅपिड स्पॅनिंग ट्री निवडा. दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टला मात्र एज करायचं नाही.

वेळ पाहिली की अर्धं निदान होतं

पुन्हा पुन्हा येणारा बिघाड बहुतेक वेळा घड्याळाला नाहीतर कुठल्यातरी कृतीला बांधलेला असतो. म्हणून आधी वही.

संध्याकाळी सातच्या सुमाराला कॅमेरे जात असतील, तर पीओईचं (नेटच्या वायरीतूनच उपकरणाला वीज देण्याच्या सोयीचं) वॅट-बजेट बघा, म्हणजे स्विच सगळ्या पोर्टांना मिळून किती वीज देऊ शकतो ते. दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये आठ आयपी कॅमेरे आणि आठ पोर्टचा पीओई स्विच होता. दिवसभर चित्र स्वच्छ. अंधार पडला की एक कॅमेरा काळा व्हायचा, दोन मिनिटांनी परत यायचा, मग दुसरा जायचा. ऐन हंगामात रात्री कंटेनर भरायचं काम चालायचं आणि नेमका लोडिंगचा कॅमेरा बंद. शेठ म्हणाले, कॅमेरेच बोगस आहेत. त्यांनी दोन कॅमेरे बदलूनही पाहिले होते.

कॅमेऱ्याच्या मागच्या स्टिकरवर कमाल ९ वॅट लिहिलं होतं. दिवसा कॅमेरा त्याच्या निम्म्यावरच चालतो. अंधार झाला की इन्फ्रारेड दिवे पेटतात आणि तो पूर्ण ९ वॅट ओढतो. आठ कॅमेरे गुणिले ९ म्हणजे ७२. स्विचचं एकूण पीओई बजेट होतं ६५. मग स्विच एका पोर्टची वीज तोडतो, लोड उतरतो, कॅमेरा पुन्हा वीज मागतो, मिळते, कॅमेरा चालू होतो, दिवे लागतात आणि बजेट परत ओलांडलं जातं. रात्रभर हाच खेळ.

खोक्यावर ‘८ पोर्ट पीओई’ ठळक छापलेलं असतं आणि बजेट बारीक अक्षरांत. ८०२.३एएफ मानकात स्विच एका पोर्टला १५.४ वॅटपर्यंत देतो आणि वायरीत जाणारं वजा करून उपकरणाला १२.९५ वॅटची हमी असते. ८०२.३एटी, म्हणजे पीओई प्लस, ३० वॅट देतो, उपकरणाला २५.५. पण हे एका पोर्टचं झालं. सगळ्या पोर्टांना एकाच वेळी तेवढं मिळेल असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. घेताना तुमच्या उपकरणांच्या कमाल वॅटची बेरीज करा, त्यावर निदान पाव भाग वाढवा आणि त्याहून मोठं बजेट असलेलाच स्विच घ्या. पॅकहाउसला मी १२० वॅटचा बसवला. काढलेले कॅमेरे शेठनी माळ्यावरून उतरवून गेटवर लावले, ते आजही चालतात.

स्वस्तात ‘पॅसिव्ह पीओई’ म्हणून जे मिळतं ते उपकरणाला न विचारता वीज सोडतं. चुकून त्यात प्रिंटर किंवा लॅपटॉप लागला तर त्याचा लॅन पोर्ट जळू शकतो. जिथे वेगवेगळी माणसं वायरी हलवतात तिथे मी ते बसवत नाही.

नेट ठरावीक अंतराने, दिवसभरात कितीही वेळा जातं आणि मिनिटा-दोन मिनिटांत येतं, असं असेल तर विजेकडे बघा. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसर सुरू झाला की व्होल्टेज क्षणभर खाली यायचं. ट्यूबलाइट नुसती लुकलुकायची पण स्विच रिस्टार्ट व्हायचा. कॉम्प्युटरांना युपीएस होता, स्विचला नव्हता, म्हणून स्क्रीन चालू आणि नेट बंद. लोकांना वाटायचं इंटरनेटवाला खराब आहे. मॅनेज्ड स्विचच्या सेटिंगच्या पानावर ‘अपटाइम’ लिहिलेला असतो. सकाळपासून चालू असलेला स्विच जर “१२ मिनिटं” दाखवत असेल तर निदान झालं. स्विच, राउटर आणि फायबरची ओएनयू पेटी, तिन्ही एकाच युपीएसवर घ्या. एक राहिलं तरी उपयोग नाही. आणि एका पेटीचं अडॅप्टर दुसऱ्या पेटीला लावू नका. पिन बसते म्हणून लोक लावतात, पण ९ व्होल्टच्या जागी १२ किंवा एक अँपिअरवाल्याच्या जागी अर्ध्याचा लागला की रोज वेगळंच दुखणं सुरू होतं.

एप्रिल-मेमध्ये दुपारी दोननंतरच बसत असेल तर उष्णता. रविवार कारंजाजवळच्या एका जुन्या इमारतीतल्या दुकानात स्विच पोटमाळ्यावर, पत्र्याखाली, स्टॅबिलायझरच्या डोक्यावर ठेवलेला होता. हात लावला तर चटका बसला. ऑफिसात वापरायचे बरेचसे स्विच ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, काही ५० पर्यंत. नाशिकचा पारा उन्हाळ्यात बाहेरच चाळिशीला टेकतो, पत्र्याखालचं तर बोलायलाच नको. तिथे नवा स्विच घ्यायची गरज नव्हती. जुनाच खाली आणून भिंतीवर मोकळ्या हवेत लावला.

दर वर्षी वळवाच्या पावसात एक-दोन पोर्ट मरत असतील, तर एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत उघड्यावरून गेलेली तांब्याची वायर शोधा. सिन्नरच्या एका कारखान्यात गेटच्या केबिनपर्यंत अशी वायर खांबावरून ओढलेली होती. वीज थेट वायरीवर पडावीच लागते असं नाही. जवळपास कडाडली तरी वायरीत झटका येतो, शिवाय दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरकही त्याच वायरीतून वाट काढतो. तिथे फायबरच टाकायचं. काचेच्या धाग्यातून करंट जात नाही. वर तांब्याच्या लॅनची १०० मीटरची मर्यादाही सुटते. मात्र धातूचं कवच किंवा आधाराची तार नसलेली केबल मागून घ्या, नाहीतर झटक्याला त्या तारेतून वाट मिळते.

आणि बिघाडाला काहीच ताल नसेल, दोन मशीनना नेट आहे आणि तिसऱ्याला नाही, ते तिसरं उद्या बरं आणि चौथं बंद, तर कुणीतरी घरून वायफाय राउटर आणून त्याच्या लॅन पोर्टमधून ऑफिसच्या वायरीला जोडलाय का ते बघा. तो स्वतःच आयपी वाटत सुटतो. बंद मशीनवर आयपी पाहा. ऑफिसचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत असतील आणि हा १९२.१६८.० चा निघाला, तर तसा राउटर शोधा. मॅनेज्ड स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (पत्ते कोण वाटतंय त्यावर पाळत) चालू केलं की फक्त तुमच्या खऱ्या राउटरच्या पोर्टवरून आलेले पत्तेच पुढे जातात.

नेट जात नाही, पण रडत चालतं

ही तक्रार जास्त फसवी आहे, कारण ह्यात दाखवायला काही नसतं. अकाउंट्सच्या माणसाला वाटतं सर्व्हर जुना झाला, मालकाला वाटतं माणूसच हळू काम करतोय.

सोपी तपासणी अशी. सर्व्हरवरून एक जीबीची एखादी फाइल आपल्या मशीनवर कॉपी करा आणि वेग बघा. सेकंदाला ११-१२ एमबीच्या आसपास चिकटून राहिला तर मध्ये कुठेतरी १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिट, आठ बिटचा एक बाइट) टप्पा आहे. गिगाबिट (१००० एमबीपीएस) पूर्ण असेल आणि डिस्क चांगली असेल तर तो १०० एमबीच्या वर जातो. दीड मिनिट आणि दहा सेकंद, इतका फरक.

तो टप्पा बहुतेक वेळा दोन ठिकाणी सापडतो. एक, टेबलाखालची पाच पोर्टची डबी. जागा वाढली, माणूस वाढला, कुणीतरी जवळच्या दुकानातून डबी आणून लावली. मग तिच्यापुढे आणखी एक. मी कॉलेज रोडच्या एका ऑफिसात अशा पाच डब्या एकामागोमाग पाहिल्यात. शेवटच्या माणसाची फाइल पाच डब्या ओलांडून जायची आणि त्यातली दुसरी १०० एमबीपीएसची होती. दोन, वायरीचं टोक. १०० एमबीपीएसला वायरीतल्या चारपैकी दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. क्रिम्पिंगमध्ये, म्हणजे टोकाला पिन बसवताना, ४, ५, ७, ८ यांपैकी एक तार नीट बसली नाही तरी लिंक लागते, दिवा पेटतो, पण १०० वर. नवा गिगाबिट स्विच आणला तरी १०० वरच. आधी टोक कापून नव्याने क्रिम्प करा.

वायर कुठली आहे तेही एकदा ब्लेडने खरवडून बघा. तांबूस वर्ख निघून आत चंदेरी रंग दिसला तर ती सीसीए आहे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ३०५ मीटरचा बॉक्स उचलला तरी वजनावरून कळतं. तिचा रोध जास्त, त्यामुळे लांबवरच्या पीओई कॅमेऱ्यापर्यंत वीज कमी पोचते आणि वायर तापते. अशा वायरीवर कितीही महागाचा स्विच लावा, पैसे वाया.

कॅमेऱ्यांचंही गणित करून ठेवा. ४ एमबीपीएसने पाठवणारे १६ कॅमेरे म्हणजे ६४. २४ कॅमेरे म्हणजे ९६. इतकं सगळं १०० एमबीपीएसच्या एका अपलिंकमधून (स्विचला पुढच्या पेटीशी जोडणाऱ्या वाटेतून) एनव्हीआरकडे, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या पेटीकडे, जात असेल तर चित्र अडकणारच, आणि त्याच वाटेवर टॅली असेल तर तीही. बरेच स्वस्त पीओई स्विच पोर्टला १०० आणि अपलिंकलाही १०० च देतात. कॅमेऱ्याला १०० पुरतं, पण अपलिंक गिगाबिटच हवा. स्विच घेताना पाहायच्या गोष्टींपैकी ही मला फार महत्त्वाची वाटते आणि दुकानात ती क्वचितच कुणी विचारतं.

मग घ्यायचा कोणता

वरचं सगळं तपासून झालं आणि तरी स्विच हवा असेल, तर माझं मत सरळ आहे. पाच-सहा माणसांचं ऑफिस, एक खोली, कॅमेरे वेगळ्या वायरीवर, असं असेल तर चांगल्या कंपनीचा आठ किंवा १६ पोर्टचा अनमॅनेज्ड गिगाबिट स्विच पुरे आहे. पत्र्याच्या बॉडीचा घ्या. दहाच्या वर माणसं, किंवा भिंतीत आयओ, किंवा पाहुण्यांना नेट, किंवा कॅमेरे आणि हिशेब एकाच रॅकमध्ये, ह्यातलं काहीही असेल तर स्मार्ट मॅनेज्डच्या खाली उतरू नका. पूर्ण एल-३ मॅनेज्ड स्विचची (वेगवेगळ्या नेटवर्कांमध्ये राउटरसारखी वाट काढून देणाऱ्याची) गरज मला नाशिकच्या लहान कारखान्यांत क्वचित पडली आहे. विकणारे आग्रह करतील. तुमच्या किती वेगळ्या नेटवर्कांमध्ये मोठ्या फाइली सतत जातात, हे स्वतःला विचारा. उत्तर ‘एकाच’ असेल तर तो खर्च वायरी आणि युपीएसवर करा.

पोर्ट मोजताना आज लागलेल्या वायरी मोजा, त्यात एक-दोन अपलिंक धरा, आणि चौथाई जागा मोकळी राहील असा आकडा घ्या. अपलिंक धरून १८ वायरी असतील तर २४ पोर्टचा. २३ असतील तर २४ चा घेऊ नका, कारण सहा महिन्यांत टेबलाखाली डबी येईल आणि आपण पुन्हा तिथेच. दोन एसएफपी खाचा (फायबर लावायच्या जागा) असलेला घ्या, आज फायबर नसलं तरी. गेटची केबिन, नवी शेड, गोडाउन, काहीतरी वाढतंच.

कॅटलॉगमध्ये ‘स्विचिंग कपॅसिटी’ असते, म्हणजे स्विच एकूण किती डेटा हलवू शकतो तो आकडा. २४ गिगाबिट पोर्टांना दोन्ही दिशा धरून ४८ जीबीपीएस हवी आणि फॉरवर्डिंग रेट साधारण ३५.७ दशलक्ष पॅकेट प्रतिसेकंद. एसएफपी वेगळ्या असतील तर थोडी जास्त. आजच्या बहुतेक चांगल्या स्विचना ती असतेच, म्हणून त्यावर फार वेळ घालवू नका. सगळे बसतात त्याच खोलीत रॅक असेल तर पंखा नसलेला स्विच बघा. २४ पोर्ट पीओईचा पंखा दिवसभर कानाशी घोंघावतो आणि शेवटी कुणीतरी रॅकचं दार बंद करून वर कापड टाकतं. मग उष्णतेची तक्रार सुरू.

मॅनेज्ड घेतला की त्याचा उपयोगही करा. कॅमेऱ्यांची व्हीलॅन (त्याच स्विचवर आखलेलं स्वतंत्र नेटवर्क) वेगळी, पाहुण्यांच्या वायफायची वेगळी, हिशेबाची वेगळी. गेटवरचा कॅमेरा काढून त्याच वायरीला कुणी लॅपटॉप लावला तर त्याला टॅलीचा सर्व्हर दिसता कामा नये. पण आधी तुमचा राउटर व्हीलॅन ओळखतो का ते बघा. इंटरनेट कंपनीने दिलेल्या साध्या पेटीत बहुधा ते नसतं आणि मग स्विचमध्ये व्हीलॅन करूनही त्यांना इंटरनेट मिळत नाही. स्टॉर्म कंट्रोलही (अशा हाकांचा पूर अडवणारी सोय) चालू ठेवा. टेबलाखालच्या एखाद्या डबीतच लूप झाला आणि तिने स्पॅनिंग ट्रीचा निरोप पुढे जाऊ दिला नाही, तर निदान बाकीचं ऑफिस वाचतं.

मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून मोठ्या कंपन्यांचे वापरलेले ४८ पोर्टचे स्विच स्वस्तात येतात. शिकायला मी स्वतः घेतलेत, त्यांच्यावर हात बसतो. पण चालू ऑफिसला मी ते सुचवत नाही. वीज जास्त खातात, पंखे मोठे, सॉफ्टवेअरच्या सुधारणा बंद झालेल्या आणि वॉरंटी नाही. ज्या दिवशी तो बंद पडेल त्या दिवशी ४८ माणसं बसून राहतील.

स्विच लागला की त्याच दिवशी तीन कामं उरकून घ्या. मूळचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच नंबर चिकटवा, आणि कुठला नंबर कुठल्या टेबलाला ते कागदावर लिहून रॅकच्या दाराच्या आतून लावा. सेटिंग पूर्ण झालं की कॉन्फिगरेशनचा बॅकअप काढा. ती फाइल आणि नवा पासवर्ड बंद पाकिटात घालून मालकांच्या कपाटात ठेवा, माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाकडे नुसतं ठेवू नका. मी गावी असलो आणि स्विच मेला, तर तुमच्याच ऑफिसातल्या मुलाला तसाच दुसरा स्विच आणून अर्ध्या तासात सगळं परत उभं करता आलं पाहिजे.